रशीदनं शिकवलेला कान

रशीद गेल्याचं माझ्या भाचीनं, प्रज्ञानं, बुलढाण्याहून फोनवर सांगितलं; मी तेव्हा परगावी होतो. महिना होत आला त्याला. धाड या आमच्या गावी, गल्लीच्या तोंडाशी त्याचं मटणाचं दुकान. मी जन्माचा शाकाहारी आणि तो शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे चाळीस वर्षं मी त्याच्याशी वाऱ्याचा अंदाज घेऊन उभा राहूनच बोललो...

कोविडच्या साली प्रज्ञा कान-नाक-घशाची सर्जन व्हायला शिकत होती. कॉलेजनं ऑपरेशनं बंद केली, मुलांना घरी पाठवलं, प्रज्ञा धाडला आमच्याकडे आली आणि सर्जरी मोबाईलवर सुरू झाली. त्या वर्गाची मला अजून शिसारी येते. सर चित्रं सरकवत, अर्धी मुलं कॅमेरा बंद करून झोपलेली, हजेरीपुरतं 'येस सर'. कानामागचं हाड कोरायचं, ते हाताला लागल्याशिवाय शिकणार कसं? पोरगी रडकुंडीला आली. रशीदच्या कानावर गेलं, तसा दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यासाठी बोकडाची मुंडी बाजूला काढू लागला. सोनाराकडून कोरायचं छोटं यंत्र मागून आणलं. तिच्याशेजारी बसून सांगायचा, "इथं हाड पातळ हाय बेटा. दाबू नको, हात हलका ठेव."

एकदा सरांनी सराव कॅमेऱ्यावर दाखवायला सांगितला. मोबाईल धरायचं शौर्य माझ्या वाट्याला आलं. हाड कोरल्याचा जळका वास नाकात गेला, मी डोळे मिटून तोंड फिरवलं... माझ्यासोबत मोबाईलही फिरला. सरांना वीस मिनिटं दुकानाचं शटर दिसत होतं. शेवटी म्हणाले, "व्हेरी गुड. नेक्स्ट." मी हसत सुटलो. रशीद हसला नाही.

पुढे कॉलेजचा निरोप आला, नोंदवहीत माणसांवर स्वतः ऑपरेशनं केली असं भरून पाठवा, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. मी शहाणा मामा. म्हटलं भरून टाक, सगळेच भरतात. रशीद सुरी पुसत होता.

"काऊन बे," तो म्हणाला, "उद्या कान घेऊन तुही मायच हिच्यापुढं बसली त?"

आईचा उजवा कान तेव्हा वाहत होता. मला माझीच किळस आली.

प्रज्ञानं खरं तेच लिहिलं. माणसाचे कान: शून्य. बोकडाचे: चौतीस. मार्गदर्शक: रशीद शेख, मटणवाले, धाड. आता वर्ष वाया जाणार म्हणून घरात कोणाला जेवण जाईना. आणि वही सही होऊन परत आली! कोणी वाचलीच नव्हती. यथावकाश परीक्षा झाली, पोरगी पास झाली. मला तो पेढा गिळवला नाही. प्रज्ञा मात्र वर्षभर एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली राबली, आणि मगच तिनं एकटीनं माणसाच्या कानाला कोरायचं यंत्र लावलं.

परवा रशीदच्या घरी भेटून परतताना तिनं ती वही मला दाखवली. कॉलेजचा निळा गोल शिक्का नेमका रशीदच्या नावावर बसलाय. न वाचता का होईना, त्या कॉलेजच्या हातून तेवढं एक काम बरोबर झालं.