हातचा चहा

लिऊ उस्ताद कुणाच्या हातचा चहा घेत नसत. चहाचं त्यांना वावडं होतं असं नाही. टपरीवाल्यानं ट्रे टेबलावर ठेवला की स्वतः उठून कप उचलत आणि चवीनं पीत. पण तोच कप आपण उचलून त्यांना द्यायला गेलो, की त्यांचे दोन्ही हात पाठीमागे जात आणि तोंडातून आम्हीच शिकवलेलं मराठी येई : "बिलकुल न्हाई!" मग टेबलाकडे बोट. तिथं ठेव, मी घेतो.

जालन्यात चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार लावणं. त्यामुळे आमच्या रोलिंग मिलमध्ये या विषयावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं, विटाळ मानतो. कुणी म्हणालं, विष घालतील म्हणून भितो. वेल्डर रफिकभाईंनी निकाल दिला, "काही न्हाई हो, बीवीनं कसम घातली असंल." तेवढ्यावर विषय मिटला.

नवं मशीन चीनहून आलं, त्याच्यासोबत ते बसवायला हे आले. साठीला टेकलेले, काटकुळे, डोक्यावर उन्हाळ्यातही कापडी टोपी. ते फोनमध्ये चिनीत बोलत आणि फोन एका बाईच्या आवाजात आम्हाला हिंदीत सांगे. त्यांची आणखी एक तऱ्हा होती. ते सगळ्यांना उस्ताद म्हणत. झाडणाऱ्या कौसाबाईही उस्ताद आणि मिलचे शेठही उस्ताद. शेठना कुणीतरी विचारलं, त्यांना मालक म्हणायला शिकवू का? शेठ म्हणाले, "राहू द्या. मालक तर सगळेच म्हणतेत. कारागीर कुणी समजलंच न्हाई आजवर."

या उस्ताद शब्दामागची गोष्ट त्यांनीच एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितली. ते तरुण असताना त्यांचा कारखाना सरकारी होता. घर कारखान्याचं, दवाखाना कारखान्याचा, मुलांची शाळा आणि अंघोळीचं गरम पाणीसुद्धा कारखान्याचं. अशा नोकरीला तिकडे लोखंडी वाडगा म्हणत, पडला तरी न फुटणारा. तेव्हा कामगार एकमेकांना उस्ताद म्हणत. मग बाजाराचे दिवस आले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी मालक शब्द आला. "मला तो जमला नाही," फोनमधली बाई म्हणाली.

रफिकभाई हसले. "लोखंडी वाडगा! आपल्याकडं तर पत्रावळी हाय, उस्ताद. जेवलं की फेकली."

त्या पत्रावळीवर मीही होतो. हसनाबादचा, आयटीआय झालेला, पण ठेकेदाराचा माणूस. मशीन सुरू झालं की ठेकेदाराची आमची टोळी बंद होणार, हे ठरलेलं होतं. शेठनी एवढंच सांगितलं होतं, की रोळ बसवायला जो शिकेल त्याला कंपनीत कायम घेऊ. दोन रोळांच्या फटीतून तापलेलं लोखंड जातं आणि सळई होऊन निघतं. ती फट केसभर चुकली तर लाल सळई सापासारखी बाहेर उसळते. ती बसवण्याची कला उस्तादांकडे होती, आणि ती करायची वेळ आली की ते मशीनभोवती ताडपत्री लावून घेत. आम्ही बाहेर. मी ताडपत्रीशी घुटमळायचो, चहा घेऊन जायचो, "उस्ताद, घ्या की," म्हणायचो. आतून आवाज यायचा, "बिलकुल न्हाई!" खरं सांगतो, मला त्या माणसाचा मनापासून राग यायचा.

त्यांना घरी जेवायला न्यायचं डोकं आईचं. "एवढ्या लांबून आलेलं माणूस, आन् तुम्ही त्याला मेसचं खाऊ घालता?" एका रविवारी मी त्यांना मोटारसायकलवर हसनाबादला आणलं. बाजरीची भाकर, शेंगदाण्याची चटणी आणि झणझणीत आमटी त्यांनी घाम पुसत खाल्ली. मग अंगणात बाजेवर बसले आणि मी चहा आणला. नेहमीप्रमाणे त्यांनी टेबल शोधलं. आमच्या अंगणात टेबल कुठलं? बाजेला झोळ पडलेला, तिथे कप ठरेना. खाली ठेवावा तर वासरू तोंड घालायला टपलेलं. दारातून आई ओरडली, "गजा, पाव्हण्याचा कप भुईवर ठेवशील तर बघ!"

माझ्या दोन्ही हातांत बशी, बशीत उकळत्या चहाचा कप, आणि चहा बोटांवर सांडू लागलेला. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "उस्ताद, जल्दी घ्या हो, हात पोळू राह्यले!"

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे करून कप घेतला आणि हळूहळू सगळा प्यायले. आई खूश झाली. उस्तादांनी रिकामा कप मांडीत ठेवला. मग त्यांनी फोन काढला.

"आमच्याकडे शिकणारा माणूस उस्ताद म्हणून दोन्ही हातांनी चहा देतो. घेतला, तर तो शिष्य झाला. मग त्याच्यापासून काही लपवता येत नाही. मी तीन शिष्य केले होते. कारखाना विकला गेला तेव्हा नव्या मालकानं त्यांना ठेवलं, कारण ते तरुण होते आणि स्वस्त होते. मला घरी पाठवलं. आमच्यात म्हण आहे, शिष्य शिकला की उस्ताद उपाशी मरतो. तेव्हापासून मी कुणाच्या हातचा चहा घेतला नाही."

मी घाबरून म्हणालो, "मला न्हाई हो माहीत! परत द्या कप!"

ते खदखदून हसले. "प्यायलो. आता परत कसा देऊ?"

दुसऱ्या दिवशी ताडपत्रीच्या आतून हाक आली, "गज्जा!" मी आत गेलो. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला लावलं, मूठ माझ्या कानाला. "आधी ऐक, मग माप," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि शेवटपर्यंतचंही. चुकलो की टोपीनं डोक्यात मारत. एक मात्र झालं. सगळ्या मिलला उस्ताद म्हणणारे ते मला आता नुसतं गज्जा म्हणत. मला ते फार गोड लागे.

जायच्या दिवशी मी विचारलं, "उस्ताद, मला येतंय म्हटल्यावर तुम्हाला पुन्हा कोण बोलावणार?"

"एकदा उपाशी मेलोय," ते म्हणाले, "दुसऱ्यांदा सवय असते." आणि पुन्हा हसले.

मी कायम झालो. उस्तादांना खरंच पुन्हा कुणी बोलावलं नाही. ते आता घरी असतात, नातवाचे फोटो पाठवतात. इकडे रोळाचं काम निघालं की माझ्यावाचून मिलचं अडतं, आणि हे मलाही चांगलं ठाऊक असतं.

गेल्या महिन्यात ठेकेदाराकडून मंठ्याची एक मुलगी आली, सुनीता. आयटीआय झालेली, डोळे सारखे रोळांवर. परवा तिनं दोन्ही हातांनी कप पुढे केला. "उस्ताद, चहा." शेजारी टेबल होतं, चांगलं भक्कम आणि रिकामं. माझं बोट तिकडे निघालंही होतं.

"घ्या ना, निवून जाईल," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी कप घेतला. प्यायलो, आणि तिला मशीनजवळ बोलावून स्क्रू-ड्रायव्हर तिच्या कानाशी धरला.

संध्याकाळी रिकाम्या कपाचा फोटो लिऊ उस्तादांना पाठवला, सोबत सगळी हकीकत. उत्तर लगेच आलं. फोनमधली बाई नव्हती, त्यांचा स्वतःचा आवाज होता.

"बराबर, गज्जा उस्ताद."