त्रिरश्मीवर राहून गेलेलं चौथं शील

गेल्या थंडीत एका सकाळी वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाला, मला एकदा त्रिरश्मीला ने."

म्हणाले म्हणजे ओरडलेच. वडिलांचं साधं बोलणंसुद्धा मागच्या गल्लीत ऐकू जातं. आमच्या शहरात धामणकर नाक्यामागच्या एका कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं साचे चालवले. साचे म्हणजे पॉवरलूम. एकेका माणसाकडे चार चार. त्या खडखडाटात कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. कारखान्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे, त्यामुळे सगळे नुसते ओठ हलवून बोलत. मालक शिवी देतोय की चहाला बोलावतोय, हे वडील शेडच्या दुसऱ्या टोकावरून सांगायचे. तीच पद्धत घरी आली. वडिलांशी बोलायचं तर तोंड समोर आणायचं, ओठ नीट हलवायचे. आवाज काढला नाही तरी चालतो. नवा पाहुणा आला की त्याला वाटतं, या घरात अबोला चाललाय आणि म्हातारा एकटाच भांडतोय.

मी ओठांनी विचारलं, "वंदना म्हणायची आहे का लेण्यात?"

"म्हणायची न्हाय. डॉक्टरनं मना केलंय ना? नुसतं बसायचं हाय."

माझा चहा तिथंच राहिला. कारण डॉक्टरांनी मनाई केलेली नव्हती. ती मी केली होती.

झालं होतं असं. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना वर्षानुवर्षं वडीलच घ्यायचे. ते मूर्तीसमोर बसून सुरू करणार, मागे बसलेले सगळे त्यांच्या बरोबरीनं म्हणणार. पण कान गेले तसा त्यांचा आवाज चढत गेला आणि चाल मागे पडत गेली. सगळ्यांचं पंचशील संपलेलं असायचं आणि वडिलांचं अजून एक शील शिल्लक असायचं. पोरी ओढणी तोंडावर धरायच्या. मी विहाराच्या कमिटीवर सहसचिव, म्हणजे सतरंज्या अंथरणारा आणि सभेत "अनुमोदन" म्हणणारा. त्या हसण्यानं माझीच मान खाली जायची. मग मी एक सुधारणा सुचवली. स्पीकर घेऊ, त्यावर छानपैकी रेकॉर्ड केलेली वंदना लावू. सगळ्यांनी अनुमोदन दिलं. आता वडिलांना कोण सांगणार? अर्थातच सहसचिव.

समोर बसून सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी बहाणा शोधत होतो. त्याच महिन्यात कानाच्या मशीनसाठी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "मशीनचा फार उपयोग होणार नाही. पण यांना बोलतं ठेवा. ऐकू न येणारी माणसं हळूहळू गप्प होतात, तसं होऊ देऊ नका." वडील तेव्हा भिंतीवरचं कानाचं मोठं चित्र बघत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड समोर नेलं आणि ओठ नीट हलवून सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, घशाला ताण नको. मोठ्यानं म्हणायचं आता बंद."

वडील माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

पुढच्या रविवारपासून स्पीकर सुरू झाला. वडील यायचे, पांढरा सदरा घालून, पहिल्या रांगेत. हात जोडून त्या काळ्या डब्याकडे टक लावून बघायचे. सगळे वाकले की वाकायचे, जरा उशिरा. स्पीकरला ओठ नसतात, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला आठ महिने लागले. तोवर त्यांचं घरातलं बोलणंही कमी झालं होतं. आणि आता ते एवढा डोंगर चढून जाणार होते, कशाला, तर तिथं जाऊन गप्प बसायला.

मी राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. ताप आलाय म्हणून सांगून मधल्या वारी सुट्टी घेतली. (बघा, एकदा सवय लागली की.) पिशवीत बायकोनं चपात्या, मेणबत्त्या आणि फुलं भरली, आणि मी गुपचूप एक छोटा स्पीकर टाकला. बेत असा होता, की वडील गप्प बसतील तेव्हा मोबाइलवरून वंदना लावायची, म्हणजे लेणं तरी मुकं राहणार नाही. चूक निस्तरायला मी नेहमी तीच चूक जरा लहान आकारात पुन्हा आणतो.

हायवेच्या तोंडाशी, वडप्याला, ट्रेलरांच्या रांगेत अर्धा तास गेला. पुढे कसारा घाट. गाडी चालवताना वडिलांशी बोलता येत नाही, कारण तोंड त्यांच्याकडे वळवावं लागतं. त्या दिवशी मला ते सोयीचंच होतं. नाशिक जवळ आलं तसा आभाळाचा काठ बदलायला लागला. त्र्यंबक-अंजनेरीची रांग दूरपर्यंत पसरलेली, आणि तिच्या या टोकाला हमरस्त्याजवळ येऊन थांबलेला त्रिरश्मीचा डोंगर. मध्यावर लेण्यांची काळी आडवी रेघ दिसते. वडिलांनी गाडीतच हात जोडले. ओठ मात्र मिटलेले.

पायथ्याशी चहा देणाऱ्या मावशींनी विचारलं, "पांडवलेणीला का बाबा?"

वडिलांनी ओठ वाचले. "बुद्धलेणी!" आवाजानं एक कुत्रं उठून गेलं.

"तेच हो बाबा," मावशी हसल्या. "कुठलंबी म्हणा, पायऱ्या तेवढ्याच हायेत."

पायऱ्या चढताना वडील दर वळणावर थांबत, आणि मी "तुम्ही दमलात" म्हणून त्यांच्या नावावर विश्रांती घेत होतो. वर पोचलो तेव्हा उन्हं लेण्यांच्या तोंडाशी आली होती. गर्दी नव्हती. ओळीनं कोरलेले विहार, आत भिक्खूंच्या खोल्या, खोलीत निजायला दगडाचाच ओटा. वडील एका ओट्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला तिथं काही बोलावंसं वाटेना. पण वाटेना म्हणून मी गप्प बसलो असतो, तर हे लिहायची वेळच आली नसती.

आदल्या दिवशी मी मोबाइलवर थोडं वाचलं होतं. म्हणून मी वडिलांना एका ओवरीत नेलं, भिंतीवरच्या रेघांवर बोट फिरवत, हात न लावता हं, मोठ्या आविर्भावात समजावलं, "बाबा, ही ब्राह्मी लिपी. यात विणकरांचा उल्लेख आहे."

मागून आवाज आला, "दादा, ते पावसाचे ओघळ आहेत. शिलालेख पुढच्या लेण्यात."

एक बाई होत्या, हातात वही, सोबत त्यांची म्हातारी आई. शाळेत इतिहास शिकवतात म्हणाल्या. त्यांनी आम्हाला बरोबर जागी नेलं. तिथं खरंच अक्षरं होती, ओळीवर ओळ, शांत. बाईंनी वडिलांसमोर उभं राहून हळूहळू सांगितलं, त्यांना कुणी न शिकवताच: या लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंच्या चीवरांची, म्हणजे वस्त्रांची, सोय इथल्या विणकरांच्या संघटनांकडे सोपवलेली होती. ते वचन इथं दगडावर कोरून ठेवलंय.

वडिलांनी मान वर करून पाहिलं. "म्हंजी विणकर व्हते? आमच्यावानी?"

"हो काका."

"त्यांची नावं हायेत?"

"नाही. ज्यानं दान दिलं त्याचं आहे. राजाचा जावई होता तो."

"असंच अस्तंय," वडील म्हणाले. "कापड आमचं, शिक्का मालकाचा." पण त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या काठाकडे गेला होता आणि दोन बोटांत ते सूत चाचपत होते. तिथून हलायला त्यांना वेळ लागला.

मग चैत्यगृह. बाहेर उजेड, आत एकदम गार. दोन्ही बाजूंना खांब, वर कमानीसारखं छत, आणि टोकाला साधा, गोल, कसलीही मूर्ती नसलेला स्तूप. आपण किती दिवसांनी कुठेतरी खरंच आत आलो, असं वाटलं मला. आम्ही फुलं ठेवली. बाई आणि त्यांची आई शेजारी बसल्या. वडिलांनी मांडी घातली, हात जोडले आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसले.

मला ते बघवेना. मी पिशवीतून स्पीकर काढला, मोबाइल जोडला आणि घाईत भलतंच बटण दाबलं. दोन हजार वर्षांच्या त्या शांततेत आमच्या एका ड्रायव्हरचा निरोप घुमला: "साब, बुखार उतरा क्या? राहनाल में गाड़ी कब से लगी है, माल उतारने कोई नहीं, आप सो रहे हो क्या?"

सो रहे हो क्या, क्या, क्या... छतानं तीनदा विचारलं. बाईंच्या आईनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. एकट्या वडिलांना काही कळलं नाही. ते स्तूपाकडेच बघत होते. मी स्पीकर पिशवीत कोंबला.

थोड्या वेळानं बाई वडिलांसमोर वाकून म्हणाल्या, "काका, तुम्ही वडीलधारे. तुम्ही वंदना घ्या ना."

वडिलांनी घशाला बोट लावलं. "डॉक्टरनं मना केलंय, ताई." आणि मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. साचा बंद पडला की तो पुन्हा कधी सुरू होतो याची वाट बघताना माणूस बघतो तसं.

"मग दादा, तुम्ही घ्या."

पंचशील मला पाठ आहे. जन्मल्यापासून ऐकतोय. त्रिशरण नीट झालं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. बाई आणि त्यांची आई मागून म्हणत होत्या. मग मी सरळ मद्यपानाच्या पाचव्या शिलावर गेलो.

"चवथं ऱ्हायलं," वडील म्हणाले. मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून माझे ओठ बघत.

चौथं म्हणजे मुसावादा. खोटं न बोलण्याचं. मी पुन्हा सुरुवात केली, "मुसावादा..." आणि पुढचं येईना. शब्द माहीत होते. तोंडातून निघत नव्हते. एवढ्या जागा सोडून, पावसाचे ओघळ आणि ड्रायव्हरचा निरोप सोडून, खरी फजिती इथं होती, आणि हिच्यावर मला हसता येईना.

मी वडिलांकडे वळलो. तोंड समोर नेलं. आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले. "बाबा, डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते. मी खोटं बोललो."

"मला ठाव हाय!" वडील म्हणाले.

त्यांना वाटलं ते हळू बोलले. सगळं चैत्यगृह दणाणलं. बाईंच्या आईनं जोडलेले हात सोडले.

"डॉक्टरच्या कपाटाला काच व्हती. त्यात त्याचं तोंड दिसत व्हतं. चार साचे सांभाळणारा माणूस एकीकडं बगत नस्तो, बाला. 'यांना बोलतं ठेवा' म्हणला तो."

मी विचारलं, "मग तुम्ही आठ महिने बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुला लाज वाटत व्हती माझी. तवा मीच ऱ्हायलो गप. लाजंवर डॉक्टर काय दवा देणार?" मग म्हणाले, "तू सांगशील म्हणून वाट बगत व्हतो. आज म्हणलं, आपुनच घेऊन जावं याला."

म्हणजे मी त्यांना त्रिरश्मीला आणलं नव्हतं.

मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. बाई मोठ्या समजुतीनं खांबाची नक्षी बघत होत्या.

"आता म्हण. चवथ्यापासून," वडील म्हणाले. "आन् माझ्याकडं तोंड ठिवून म्हण."

मी म्हणालो. या खेपेला ते शील तोंडातून निघालं. माझ्या ओठांकडे बघत वडिलांनी आवाज लावला, तोच चढा, तोच अर्धी ओळ मागे राहणारा. पण त्या जागेत सगळ्यांचाच आवाज मागून फिरून येत होता, बाईंचा, त्यांच्या आईचा, माझा. कोण मागे पडलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. वडील पुढे झाले, मी त्यांच्या मागे म्हणू लागलो, आणि पंचशिलानंतरही ते थांबले नाहीत. आठ महिन्यांची सगळी वंदना त्यांनी त्या स्तूपाला ऐकवली. शेवटी बाईंच्या आईनं उठून त्यांच्यासमोर हात जोडले. वडिलांनीही त्यांना हात जोडले, आणि मग स्तूपासमोर डोकं जमिनीला टेकवलं.

पायऱ्या उतरताना ते मध्येच थांबले. "रैवारी मीच घेणार. कमिटीला सांग."

"पोरं हसतात, बाबा," मी म्हणालो. खरं बोलायला लागलो होतो तर तेही बोलून टाकलं.

"हसू दे. मी मागं पडतो कारण मला त्यांचं दिसत न्हाय. सगळी माझ्या पाठीमागं. तू मूर्तीच्या बाजूला बस, तोंड माझ्याकडं करून. सगळ्यांच्या बरोबरीनं ओठ हलव. मी बरोबर धरतो."

इतका साधा उपाय. स्पीकर घेण्याआधी मी त्यांनाच विचारलं असतं, तर अर्ध्या मिनिटात मिळाला असता.

कमिटीच्या सभेत मी उभा राहून सगळं सांगितलं, डॉक्टरचं खोटंही. अनुमोदन यायला जरा वेळ लागला, पण आलं. आता रविवारी मी मूर्तीच्या उजव्या अंगाला बसतो, साऱ्या वस्तीसमोर, ओठ हलवत. वडील अजून एखाद्या ठिकाणी मागे पडतात. पोरी अजून ओढणी तोंडावर धरतात, पण मला वाटतं, त्या आता माझ्या तोंडाला हसतात.