चढापलीकडची पांढरी गाडी

मी या ग्रुपवर कितीतरी वर्षं नुसती वाचते आहे. कधी कमेंटसुद्धा केलेली नाही. चकवा, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर तुमचे अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचायचे. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. माझ्या अनुभवात भूत नाही. त्यातली सगळी माणसं जिवंत आहेत, आणि त्यातली एक आत्ता बाहेर अंगणात लसूण सोलत बसली आहे.

आमचं घर शिंदखेड्याला. माझी शाळा धुळ्यात, इंग्लिश मीडियम, कॉलेज जळगावला. घरात अहिराणी, शाळेत इंग्रजी, आणि या दोन्हींच्या मधे मी गप्प बसायला शिकले. आता घरूनच काम करते – व्हिडिओखाली अक्षरं येतात ना, कॅप्शन्स, ती लिहायचं. दिवसभर ऐकायचं, बोलायचं काहीच नाही. मला ते बरं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाहून काम आलं. तिथल्या एका रेसिंग ड्रायव्हरच्या करिअरवर फिल्म बनत होती (नाव लिहीत नाही). जुन्या शर्यतींचं फुटेज आणि म्हातारपणी घेतलेली त्याची लांबलचक मुलाखत, असं दोन्ही मला लिहायचं होतं. मला रेसिंगमधलं काही कळत नव्हतं. मी स्कूटीसुद्धा चाळीसच्या वर नेत नाही. पण पहिल्याच दिवशी अडकले. वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, घरातली गाडी त्यांना न सांगता नेऊन केलेली पहिली शर्यत, मग टूरिंग कार – म्हणजे रस्त्यावर दिसतात तशाच चार दारांच्या गाड्या, पण आतून पार बदललेल्या. दारं एकमेकांना घासत, आरसे तुटत, डोंगरावरच्या ट्रॅकवर दिवसभर. मी जेवायला उठायचं विसरू लागले.

त्या दुपारी मी हेडफोन लावून एका शर्यतीचं फुटेज पाहत होते. कॅमेरा गाडीच्या आत, त्याच्या खांद्यामागे. गाडी चढ चढतेय, पुढे नुसतं आभाळ. पलीकडचं काही दिसत नाही, आणि तिथे कोणीच वेग कमी करत नाही. तेवढ्यात आमच्या गच्चीवर अक्काने थाळी बडवायला सुरुवात केली. अक्का म्हणजे माझी मोठी काकू. वर बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते आणि माकडं आली होती. हेडफोनमधूनही कानठळ्या बसाव्यात अशी ती थाळी. स्क्रीनवर गाडी चढाच्या टोकावर आली... पलीकडे धुरळा, आणि धुरळ्यात उजवीकडे एक पांढरी गाडी आडवी पडलेली.

मी ओरडले. मी, जिला बसमध्ये कंडक्टरला स्टॉपचं नावसुद्धा दोनदा सांगावं लागतं, ती बेंबीच्या देठापासून ओरडले – "डावाले ले! डावाले!"

डावीकडे घे. जिवावर बेतलं की माझ्या तोंडून इंग्रजी निघत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याने डावीकडे घेतली. ट्रॅकच्या कडेची भिंत आणि पांढरी गाडी यांच्या मधल्या फटीतून तो निघून गेला.

वरून अक्काचा आवाज आला, "कोणले वरडी ऱ्हायनी वं? माकडे आठे शेत, मनाआंगे."

मी हसत सुटले. माझ्या जन्माच्या आधीची शर्यत, आणि मी ड्रायव्हरला रस्ता सांगत होते.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलाखत लिहायला घेतली. त्या चढाचा विषय निघाला आणि त्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "त्या दिवशी टीमशी बोलायचा रेडिओ बंद पडला होता. चढाच्या अलीकडे मला पत्रा बडवल्यासारखा आवाज आला. वाटलं, गिअरबॉक्स गेला. म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. मग हेल्मेटच्या आत एक मुलगी ओरडली." आणि तो ते शब्द बोलला. त्याच्या उच्चारात, पण अगदी तेच. डावाले ले. डावाले.

मी मुलाखत मागे नेऊन ते पुन्हा ऐकलं.

पुढे तो म्हणाला, की टीमला त्याने हे खरं-खरं सांगितलं आणि पुढच्या सीझनला त्याची सीट गेली. ज्याच्या डोक्यात आवाज येतात त्याला गाडी कोण देणार? मग तो युरोपात गेला, स्पोर्ट्स कार चालवल्या – त्या जमिनीला चिकटलेल्या, फक्त शर्यतीसाठी बनवलेल्या – रात्रंदिवस चालणाऱ्या शर्यती जिंकल्या. पण घरी परतला की लोक अजून विचारतात, काय रे, आज आवाज आला का? "मला वेड लागलं होतं की नव्हतं, एवढंच मरायच्या आधी कळलं तर बरं," असं म्हणून तो पाणी प्यायला.

आमच्या कामात नियम आहे – परकी भाषा आली की नुसतं 'परकी भाषा' असं लिहायचं आणि पुढे जायचं. मी तेच लिहिलं. मग खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले, खाली अर्थ, भाषा अहिराणी. पाठवलं आणि लॅपटॉप बंद करून अक्काला बिबडे उचलू लागायला गेले. काम जाईल असंच वाटत होतं.

काम गेलं नाही. फिल्मवाल्यांनी ते त्याला दाखवलं, आणि आता त्यालाच माझ्याशी बोलायचं होतं.

व्हिडिओ कॉलवर मी कधीच कॅमेरा लावत नाही. त्या दिवशी लावला. समोर तो, मोठा चष्मा, मागे भिंतीवर एक जुनं स्टिअरिंग. मी माझं ओरडणं सांगितलं, थाळीसकट. तो हसला नाही. म्हणाला, "म्हणून दाखव."

मी म्हटलं.

"असं नाही. ती मुलगी इतकी सभ्य नव्हती. ओरड."

मी डोळे मिटले, तो चढ समोर आणला आणि ओरडले.

अंगणातून लगेच अक्काचा आवाज आला, "आते काय व्हयनं वं? कोणले वरडी ऱ्हायनी?"

त्याने चष्मा काढला. मग हळूच म्हणाला, "हीच. दुसरी बाई."

मी त्याला अक्का ओरडल्याचं सांगितलंच नव्हतं. मुलाखतीतही दुसऱ्या बाईचा उल्लेख नव्हता.

"ते मी कोणालाच सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "एका आवाजापायी सीट गेली. दोन सांगितले असते तर थेट दवाखान्यात टाकलं असतं. त्या दिवशी ती काय म्हणाली होती?"

मी अर्थ सांगितला – कोणावर ओरडतेस गं, माकडं इथे आहेत, माझ्याकडे.

तो इतका हसला की त्याला खोकला आला. "आयुष्यभर मला वाटत होतं ते काहीतरी पवित्र असेल."

अक्का पदराला हात पुसत आत आली आणि स्क्रीनकडे बघून म्हणाली, "हाऊ कोन शे?" मी सांगितलं. तिने त्याला नीट न्याहाळलं. "वाचना ना? मंग रडस कसाले?"

तो खरंच रडत होता.

मी नंतर सगळं तपासलं. मुलाखत मला काम मिळायच्या आधीच रेकॉर्ड झालेली. फुटेजचा मूळ आवाज पुन्हापुन्हा ऐकला. त्यात फक्त इंजिन आहे. थाळी नाही, मी नाही, अक्का नाही. मी ओरडले म्हणून तो वाचला, की तो वाचलेलाच होता म्हणून मला ओरडावंच लागलं? विचार करायला बसले की डोकं गरगरतं. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर सांगा.

अक्काला मात्र उत्तर नकोच आहे. मी जुन्या शर्यतीचं काम काढलं की ती थाळी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसते. माकडं नसली तरी.

"आखो कोनी आडकेल व्हई ते..." म्हणते, म्हणजे आणखी कोणी अडकलेलं असलं तर, आणि स्क्रीनकडे डोळे लावते.