आधी श्वास घेऊ द्या

काचीगुड्याच्या छोट्या दवाखान्यात आमची मुलगी जन्मली, पण तिला नीट श्वास घेता येईना. मोठ्या इस्पितळातून नवजात बाळांची खास अँब्युलन्स आली. त्यातल्या नर्सबाईंनी तिला उबदार काचपेटीत ठेवून ऑक्सिजन लावला आणि मला शेजारी बसवलं. त्या वाटभर तिच्याशी लाडाने तेलुगूत ‘बंगारम, बंगारम’, म्हणजे ‘सोनं, सोनं’ करत बोलत होत्या, पण नजर तिच्या छातीवरून हलत नव्हती.

नल्लकुंट्यात वेगळं राज्य मागणाऱ्यांच्या मोर्चात गाडी अडकली. मोर्चातल्या एकाने खिडकीतून विचारलं, “तुम कौनसे तरफ के?”

बाई म्हणाल्या, “पहले सांस तो लेने देव भई, बाद में पूछो कौनसा स्टेट बोलके!”

माणसं हसली आणि त्यांनीच धावत पुढे जाऊन वाट करून दिली.

इस्पितळाच्या दारात मुलगी लालबुंद होऊन किंचाळली. बाईंनी आनंदाने टाळी वाजवली. कुणाचं रडणं ऐकून मी आयुष्यात इतका हसलो नव्हतो.