दोन सूत कललेली मावशी

त्यांना सगळे सूतभर म्हणत. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत, आणि बसच्या आगारात चौतीस वर्षे काढलेल्या या गृहस्थांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा एकच वाक्य येई, "सूतभर कमी आहे." शिंपी, सुतार, चष्मेवाला, कोणीच त्यांच्या तावडीतून सुटला नाही. थोरले बंधू म्हणायचे, "हा वर गेला तरी आत पाऊल टाकण्याआधी दाराची चौकट मापेल."

दोघे भाऊ एकाच गाडीवर होते. बंद पडलेल्या, कलंडलेल्या बसगाड्यांना ओढून आणणारी ती क्रेनची मदतगाडी. कोणी आजारी पडले की न बोलावता धावून येते, म्हणून आगाराने तिला नाव दिले होते मावशी. थोरले पुढे चालकाच्या जागी बसत. धाकटे मागे, यंत्राच्या तरफांपाशी, मागच्या रस्त्याकडे तोंड करून. मधे एक पत्र्याची भिंत. पाठचा भाऊ हे शब्द इतके अक्षरशः क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असतील. एकमेकांचे तोंड न पाहता, केवळ पत्र्यावरच्या टकटकीवर, दोघांनी तिच्याकडून शेकडो गाड्या उचलवल्या.

त्यांतली एकच गाडी या वृत्तान्ताचे मूळ आहे.

एका वळणावर भरलेली बस चरात कलंडली. प्रवासी खिडक्यांतून बाहेर निघाले. कंडक्टर मात्र कमरेपर्यंत गाडीखाली चिखलात अडकला. मावशीची क्षमता पाच टनांची आणि भार सातांच्या वर. जवळच्या दुकानातल्या फोनवर कचेरीतून आज्ञा झाली, मोठी क्रेन येईपर्यंत हात लावू नका; दोन तास लागतील. थोरल्यांनी फोन ठेवला, चरात वाकून कंडक्टरचा चेहरा पाहिला आणि येऊन पत्र्यावर मूठ आपटली. "ओढ!"

"पाचाची आहे ती!" धाकट्यांनी ओरडून सांगितले.

"दोन तासांनी ओढायला माणूस राहील का? ओढ!"

त्यांनी ओढले. मावशी कण्हली. दोन पाय एकत्र येऊन टोकाला मिळावेत तसा तिचा लोखंडी दांडा. भार तिरपा पडला आणि तो दांडा त्यांच्या डोळ्यांदेखत एका बाजूला झुकत गेला. मोडला मात्र नाही. कंडक्टर जिवंत बाहेर निघाला आणि पहिले वाक्य बोलला ते असे, "माझी तिकिटांची पेटी तेवढी बघा रे."

चौकशी बसली. "यंत्र कोणी चालवलं?" या प्रश्नावर धाकट्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच थोरले म्हणाले, "हुकूम माझा होता." त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईने शेरा पडला: बेपर्वाईमुळे यंत्राचे नुकसान. बढती थांबली. त्यांनी पुढे त्या विषयावर अवाक्षर काढले नाही. दांडा सरळ करायलाही कोणाला सवड झाली नाही, कारण मावशीला रोज कुठून ना कुठून हाक येतच असे. पुढची सोळा वर्षे ती कललेल्या मानेनेच गाड्या उचलत राहिली. मग तिला भंगारात काढून तुकडे झाले. थोरले त्याआधीच गेले होते. लाल शेरा तेवढा जसाच्या तसा राहिला. कागदाला गंज चढत नाही.

सूतभर निवृत्त होऊन पाच वर्षे झाल्यावर आगाराचे तरुण अधिकारी स्वतः घरी आले. आगारात जुन्या वस्तूंचे दालन उघडणार होते. "काका, मावशीची एक छोटी प्रतिकृती करून द्याल का? तुमच्याइतकी ती कोणाला ठाऊक? मूळ नकाशा कचेरीत आहे, त्याची प्रत देतो."

"नकाशा कशाला?" सूतभर म्हणाले. "मला ती पाठ आहे."

आतल्या खोलीतून भांडे जरा जोरात आपटल्याचा आवाज आला. थोरल्यांच्या पत्नी, त्यांच्या वहिनी, आत होत्या. पाहुणे गेल्यावर बाहेर येऊन म्हणाल्या, "भावोजी, ती गाडी या घरात नको."

"खेळण्याएवढी असेल, वहिनी."

"लाल शेरासुद्धा बोटभरच होता."

तरी दुसऱ्या दिवशी सूतभर खेळण्यांच्या दुकानातून एक खोका घेऊन आले. वर बर्फातून जाणाऱ्या लष्करी मालट्रकचे चित्र. आत चौकटींना चिकटलेले हिरवे प्लॅस्टिकचे सुटे भाग, चोविसास एक या प्रमाणाचे. लष्करी मालट्रकची आगाराची मावशी करायची, म्हणजे एका देहात दुसऱ्या जीवाची प्रतिष्ठापना करण्यासारखेच होते, आणि त्यांनी ते काम तितक्याच निष्ठेने आरंभले.

आधी छेद. मावशीचा सांगाडा कधीकाळी कार्यशाळेतच नऊ इंचांनी वाढवलेला होता. नऊ इंच म्हणजे या प्रमाणात बरोबर तीन सूत. करवतीच्या तुटक्या पात्याने त्यांनी सांगाडा मधोमध कापला, तीन सुतांचा तुकडा घातला आणि वर दोन्ही बाजूंनी पट्ट्या चिकटवल्या, जशा खऱ्या गाडीला होत्या तशा. खोक्यातल्या ट्रकचे स्टिअरिंगचे चाक परदेशी पद्धतीने डावीकडे होते. ते काढून उजवीकडे आणले, पुढचा सगळा फलक नव्याने कोरला. भाग ज्या काड्यांना लटकून येतात त्या काड्या मेणबत्तीवर तापवून ओढल्या की केसाएवढ्या बारीक होतात; त्यांचे नळ झाले, तरफा झाल्या. जुन्या पंख्याच्या मोटारीतली तांब्याची तार तीन पदरी पिळून, तिला बुटाचे काळे पॉलिश लावून दोर झाला. सेफ्टी पिन वाकवून आकडा झाला. सांध्यांतल्या भेगा भरायला टाल्कम पावडर संपली तेव्हा वहिनींनी विचारले, "गाडीला घाम येतो का?" हा त्यांचा त्या कामाशी पहिला संबंध.

आणि सगळ्यात शेवटी दांडा. खऱ्या दांड्याचे टोक सहा इंच कललेले होते. म्हणजे दोन सूत. सूतभरांनी प्लॅस्टिकचे दोन पाय घडवले, ते गरम पाण्यात धरून वाकवले, पट्टी लावून तीनदा मापले. पुरते दोन सूत. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही.

उद्घाटनाला चार दिवस उरले असताना अधिकारी पाहायला आले. गाडी पाहून ते क्षणभर खरोखर भारावले. पोचे, चिखलाचे शिंतोडे, दाराच्या मुठीपाशी हाताने झिजलेला रंग. मग त्यांची नजर वर गेली.

"काका, हा दांडा तिरका बसलाय."

"बसलेला नाही. बसवलाय."

"पण नकाशात सरळ आहे."

"नकाशा तिच्या जन्माचा आहे, साहेब. ही तिची उमर आहे."

अधिकारी हसले. वाईट मनुष्य नव्हता तो. त्याला फक्त सगळे नीटनेटके हवे होते. "लोकांना वाटेल, बनवणाऱ्याचा हात चुकला. तुमचंच नाव खराब होईल. आणि ते जुनं प्रकरण… फाइल बंद झालीय, कशाला पुन्हा उघडायची? प्लॅस्टिकच तर आहे. गरम पाण्यात धरा, दोन मिनिटांत सरळ."

"आणि नाही धरलं तर?"

"तर मला कपाटात दुसरं काहीतरी ठेवावं लागेल."

"ठेवा," सूतभर म्हणाले. "रिकामं ठेवलंत तरी चालेल. जी गाडी आगारात कधी उभीच नव्हती, तिची प्रतिकृती मी करणार नाही."

अधिकारी गेले तेव्हा सूतभरांचे कान लाल झाले होते. या माणसाने आयुष्यात वरिष्ठांना "नाही" असे एकदाच म्हणायला हवे होते, चौकशीच्या खोलीत, "तरफ मी ओढली" असे सांगून. ते राहून गेले. आज उशिरा का होईना, तोंडातून निघाले. आणि सत्य आपल्या बाजूला आहे या विश्वासाने ते खुर्चीत ताठ बसले.

वहिनी दारात उभ्या होत्या. इतक्या दिवसांत प्रथमच त्या टेबलाजवळ आल्या, वाकल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"साहेबाशी भांडलात ते ठीक," त्या म्हणाल्या. "पण भावोजी, ही मावशी नव्हे."

"काय?"

"मावशी भिंतीला लागून उभी असायची ना? चालकाची बाजू भिंतीकडे, दुसरी बाजू फाटकाकडे. मी डबा घेऊन फाटकाशी यायचे. ती बया मान आमच्याकडे झुकवून बघत असायची, म्हणजे जसं काही डब्यात काय आहे ते हिलाच आधी कळायला हवं. तुमची ही भिंतीकडे मान फिरवून उभी आहे. रुसल्यासारखी."

सूतभरांनी डोळे मिटले. उजवा हात आपोआप उचलला गेला, तरफेवर असावा तसा. दांडा त्यांच्या उजव्या हाताला झुकला होता. त्या सकाळपासून आजतागायत ते त्या हाताला ठाऊक होते. पण ते मागे तोंड करून बसत होते. त्यांची उजवी बाजू ही गाडीची डावी. चाक इकडून तिकडे आणताना ज्याने डोळ्यांत तेल घातले होते, त्याच माणसाने आपल्या देहाच्या स्मृतीवर विसंबून मावशीची मान उलटी वळवली होती. आगारातल्या कोणत्याही सफाई कामगाराने ही चूक केली नसती. ती करायला आयुष्यभर जगाकडे पाठ करून बसलेला माणूसच हवा.

"सूतभर नाही हो वहिनी," ते पुटपुटले, "चार सूत चुकलो."

"मग रडताय काय? काढा ते आणि नवं लावा."

"आता कापायचंच आहे, तर…" क्षणभर त्यांचा धीर सुटला. "सरळच लावू का? साहेबाचंही मन राहील."

वहिनींनी पदराने गाडीवरची धूळ पुसली. "ते गेले तोवर मी एकदाही विचारलं नाही, हुकूम कुणाचा आणि हात कुणाचा. मला कळत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? एका घरात राहतो आपण. त्यांनी तुमच्यासाठी शेरा घेतला. तुमच्याच्याने दोन सूत पेलवत नाहीत?"

सूतभरांनी पाते उचलले. दांडा मुळापासून कापला. नवे दोन पाय घडवले. मात्र या वेळी त्यांनी आधी अडगळीतून जुन्या सायकलच्या चाकाचे दोन आरे काढले. पोलादी. ते पकडीत धरून वाकवायला त्यांना सबंध दुपार लागली आणि अंगठ्याची साल गेली. दोन सूत, गाडीच्या डाव्या बाजूला. त्या आऱ्यांवर प्लॅस्टिकचे कवच चढवले, सांधा घासून असा बुजवला की आत काय आहे याचा डोळ्याला पत्ता लागू नये, मग रंग, मग गंज, मग दोर. वहिनी शेजारी बसून माप धरत होत्या. "फाटक इकडे," त्या बजावत, आणि टेबलाच्या त्या कडेला त्यांनी खरोखरीच एक डबा ठेवला होता.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी दोघे गाडी घेऊन दालनात गेले. अधिकाऱ्यांनी चालकाच्या बाजूने पाहिले; तिथून कल जाणवत नव्हता, आणि त्यांची मुद्रा उजळली. "बदललात! वा, काका."

"बदललं. पहिलं चूक होतं. ते उजवीकडे होतं, आता डावीकडे आहे."

अधिकाऱ्यांना क्षणभर काही उमजेना. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "काका, हट्ट किती कराल? आणा इकडे, मीच करतो." आणि त्यांनी दोन बोटांत दांडा धरून हलकेच दाबला. दांडा हलला नाही. जरा जोर केला. गाडीची एका बाजूची चाके टेबलावरून उचलली गेली. दांडा होता तिथेच राहिला.

"आत सायकलचे आरे आहेत, साहेब," सूतभर शांतपणे म्हणाले. "पोलादाचे. गरम पाण्यात घाला, नाहीतर हातोडीने ठोका. मोडेल, सरळ होणार नाही. मोडायची असेल तर माझ्यासमोर मोडा. आणि एक गोष्ट आत्ताच लिहून घ्या. त्या दिवशी तरफ मी ओढली होती. चौकशीत सांगायचं राहिलं."

कपाटाच्या काचा पुसणारे दोघे कामगार पुसता पुसता थांबले होते. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले, वहिनींकडे पाहिले, दांड्यावरून हात काढला.

"ठेवा," शेवटी ते म्हणाले. "पण अशी ठेवा की कललेली बाजू भिंतीकडे जाईल. पलीकडून तितकं जाणवत नाही." आणि ते घाईने बाहेर पडले.

कामगारांनी गाडी तशी ठेवली. पुढ्यात छापील पाटी होती: मदतगाडी, क्षमता पाच टन. वहिनींनी ती वाचली आणि कामगाराकडे पेन मागितले. 'पाच टन' यापुढे त्यांनी सावकाश, ठळक अक्षरांत लिहिले: 'उचलले सात.'

"काकू, साहेब रागावतील," कामगार म्हणाला.

"रागावू देत. शाई काळी आहे, लाल नाही."

सूतभरांनी कपाटाची काच सरकवली, दोन्ही हातांनी मावशीला उचलले आणि फिरवून ठेवले, चालकाची बाजू भिंतीकडे, मान दाराकडे. दारातून येणाऱ्या कोणालाही ती प्रथम तिरकीच दिसणार होती. खिशातून पट्टी काढून त्यांनी टोकाचे माप घेतले. पुरते दोन सूत. मग काच लावली, कुलूप फिरवले.

"काका, किल्ली?" कामगाराने हात पुढे केला.

"साहेबांना सांग, माझ्याकडे आहे," सूतभर म्हणाले. त्यांनी किल्ली पट्टीच्या शेजारी खिशात टाकली आणि वहिनींच्या मागोमाग फाटकाकडे चालू लागले.