राम नसलेलं घर

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावच्या वाचनालयात दर मंगळवारी एक डच आजोबा भेटतात. आमच्या वाचनगटाने चार-पाच भाषांची खिचडी असलेली एक कादंबरी घेतली आहे. आजोबा प्रत्येक वाक्य आधी पुटपुटतात आणि अडलं की समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढतात. कळलं नाही, हे सांगायला ते लाजत नाहीत. मी डच सुधारायला आलेली, चुकण्याच्या भीतीने गप्पच असायचे.

गेल्या महिन्यात त्यांनी एका डच ओळीवर बोट ठेवलं, 'या घरात राम नाही.' डचमध्ये राम म्हणजे खिडकी. "पण इथे 'राम'चं पहिलं अक्षर कॅपिटल का?" त्यांनी विचारलं.

मी हळूच म्हटलं, "राम आमचा देव. आणि एखाद्या गोष्टीत राम नाही म्हणजे त्यात आता जीव उरला नाही."

त्यांनी समासातलं प्रश्नचिन्ह खोडलं.

"बायको गेल्यापासून माझं घर तसंच आहे," ते म्हणाले. "खिडक्या सगळ्या आहेत."

मग इतरांना थांबवून म्हणाले, "हे यांच्याकडून ऐका."

मोडक्या डचमध्ये मी त्या टेबलाशी सगळ्यांसमोर पहिल्यांदाच बोलले. आजोबा डोळे मिटून ऐकत होते.