न पाहिलेल्या नेपल्सबद्दल सूचना

"तिथे चहा कसा मिळतो?"

बर्मिंगहॅममधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी काउंटरवर बसायचे, तेव्हा हा प्रश्न दिवसातून चारदा तरी यायचा. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. इंग्रज लोक नुकतेच विमानात बसून उन्हाकडे पळायला लागले होते, आणि पळता पळता त्यांना एकच घोर असायचा, की तिथेही सगळं इथल्यासारखंच असेल ना? चहात दूध घालतात का? बटाटे मिळतात का? जेवणात लसूण असतो का? असतो, बाई, असतो. लसूण नको असेल तर घरीच बसा की! हे अर्थात मनातल्या मनात. तोंडाने मी म्हणायचे, "आय ॲम शुअर यू विल लव्ह इट."

आपली माणसं तरी कुठे वेगळी होती? मंडळाच्या हळदीकुंकवात कुणाला कळलं की मी सुट्टीची तिकिटं काढून देते, की बायका मला कोपऱ्यात घ्यायच्या. हॉटेलच्या रूममध्ये कुकर लावू देतात का? दही विरजायला जागा असते का? एका डॉक्टरांच्या बायकोने तर आठ दिवसांच्या ट्रिपसाठी चिवड्याचे दोन मोठे डबे भरले होते आणि ते विमानात मांडीवर घेता येतील का, असं मला विचारत होती. मी म्हटलं, "अहो, मग चिवडा इथेच खा ना. विमानाचा खटाटोप कशाला?" त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी धड बोलली नाही.

सगळ्यांना सगळ्यात जास्त कुतूहल होतं नेपल्सचं, कारण आमच्या एजन्सीची ती सगळ्यात खपणारी सहल होती. आणि माझी अडचण अशी, की मी नेपल्स पाहिलंच नव्हतं. मी मुंबईला विमानात बसले ती थेट लंडनला उतरले, आणि तिथून बर्मिंगहॅमला. नवरा इंजिनिअरिंगच्या कारखान्यात. माझं जग म्हणजे शहराला वळसा घालणारी बस, ऑफिस आणि घर. साडीवर कार्डिगन घालून मी लोकांना भूमध्य समुद्राचं ऊन विकत होते.

एका सोमवारी आमचे मॅनेजर माझ्यापुढे कोरा कागद ठेवून म्हणाले, "नेपल्सच्या प्रत्येक बुकिंगबरोबर एक पान द्यायचं. कुठे खायचं, काय घ्यायचं, शहर कसं फिरायचं. तूच लिही. तू फॉरेनची आहेस, तुला कळतं." पाइप कायम तोंडात आणि बहुतेक वेळा विझलेला, असा हा माणूस. फॉरेन ही त्यांच्या लेखी एकच जागा होती. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

माहितीपत्रकं चाळली. त्यांत ज्वालामुखी होता, निळी खाडी होती, छत्रीखाली हसणारी एक गोरी मुलगी होती. भर दुपारी दोन वाजता त्या शहरात माणसाने काय करायचं, हे एकाही पत्रकात नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी विचार केला. कडक ऊन, अरुंद गल्ल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर देव, मोठमोठ्याने बोलणारी माणसं. असलं एक गाव मला चांगलं माहीत होतं. कृष्णाकाठचं, माझ्या माहेरचं. मग मी सरळ त्याचंच लिहायला घेतलं, आणि काही सुचायची वाट बघावी लागली नाही.

लिहिलं की दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, तेव्हा शटर बडवू नये. पोटभर जेवावं आणि आडवं व्हावं. ज्या खाणावळीच्या दारात माणूस उभा राहून बोलावतो तिथे जेवू नये. जिथे कचेरीतले कारकून जेवतात तिथे जावं. मेन्यू मागू नये, शेजारच्या ताटात काय आहे ते बघून बोट दाखवावं, कारण त्या दिवशी मोठ्या पातेल्यात तेच शिजलेलं असतं. मंडईत फळ दाबून बघू नये, बाई हातावर फटका मारते. भाव विचारून चार पावलं पुढे जावं. ती हाक मारते. कापड घेताना दुकानदाराच्या कोपराकडे लक्ष ठेवावं, तो हात आखडून चार बोटं कमी मोजतो. रस्ता एकाला विचारू नये, तिघांना विचारावा, कारण ज्याला माहीत नसतो तोही तुमचं मन मोडू नये म्हणून सांगतोच; दोघांचं जुळेल त्या दिशेने जावं. गर्दीत पर्स पोटाशी धरावी आणि गळ्यातली साखळी आत घालावी. संध्याकाळी लोक घराबाहेर खुर्च्या टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला निरखून बघतात. तो उद्धटपणा नव्हे. तुम्हीही बघा.

नवऱ्याने कागद वाचला आणि म्हणाला, "अगं, ही तर माझी सासुरवाडी."

"मग? खोटं आहे का काही?"

"खोटं नाही. पण नेपल्सचंही नाही."

"तुम्ही गेलाय का नेपल्सला?"

तो गेला नव्हता. विषय तिथे मिटला.

आणि मग वैताग असा, की सगळं खरं निघालं! एक निवृत्त बसड्रायव्हर आणि त्याची बायको मुद्दाम ऑफिसात आली, माझे आभार मानायला. शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवल्यावर त्यांना ऑक्टोपस मिळाला होता आणि तो त्यांनी चाटूनपुसून खाल्ला होता. एका शाळामास्तरणीने चार पावलं चालून चामड्याची पर्स मिळवली होती. "तू ते शहर तळहातासारखं ओळखतेस," त्या म्हणाल्या. मी हसून घेतलं. एकदा हसून घेतलं की पुढच्या वेळी खरं सांगणं आणखी अवघड होतं, आणि मी तर वर्षानुवर्षं हसत होते.

आता खरी गोष्ट. सहली काढणारी कंपनी दर वसंतात आमच्या ऑफिसला एक फुकट सीट द्यायची, काउंटरवरच्या माणसाने ती जागा स्वतः बघून यावी म्हणून. ती सीट मला हवी होती. नुसती मागायचेच नाही, तर तिच्यासाठी डिसेंबरपासून शांतपणे वागायचे. पहिल्या वर्षी शेजारच्या काउंटरवरची बाई गेली. दुसऱ्या वर्षी मॅनेजर स्वतः गेले. तिसऱ्या वर्षी, ऑफिसात येऊन जिला तीन महिने झाले होते अशी एकजण गेली आणि नाक भाजून परत आली. दर वर्षी मॅनेजर मला तेच सांगायचे, "यू नो इट ऑलरेडी, डिअर. तुझ्यावर सीट वाया कशाला घालवायची?"

वाया! कागद मी लिहिला, प्रश्नांना उत्तरं मी दिली, आणि त्याच कागदाने माझी वाट अडवली होती. बरं, नाक भाजलेली ती बाई मला येऊन सांगते कशी, तुझ्या सगळ्या टिप्स अगदी बरोबर आहेत हं. मी दात ओठ खाऊन थँक यू म्हटलं.

मला नेपल्सचा एवढा ध्यास का होता, हे मी नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं. आठ वर्षांत मी माहेरी गेले नव्हते. आधी घर घ्यायचं म्हणून, मग मुलगी लहान म्हणून, मग तिची शाळा म्हणून. कागद पुनःपुन्हा वाचून, लोकांच्या तोंडून ऐकून मला वाटायला लागलं होतं, की युरोपात कुठेतरी माझं गाव आहे, अडीच तासांच्या विमानावर, आणि माझ्याखेरीज सगळं बर्मिंगहॅम तिथे जाऊन येतंय. मला त्याचा मत्सर वाटायचा. ऑक्टोपस खाणाऱ्या त्या म्हाताऱ्याचासुद्धा.

सहाव्या वसंतात शेजारच्या काउंटरवरच्या बाईला दुसऱ्यांदा सीट मिळाली, तेव्हा माझं डोकं सटकलं. मी मॅनेजरांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि म्हटलं, "मी नेपल्सला कधी गेलेलेच नाही."

त्यांनी पाइप काढला. "मग तो कागद?"

"तो माझ्या गावाचा आहे."

"इटलीतल्या?"

"नाही. महाराष्ट्रातल्या."

त्यांनी खणातून कागद काढला आणि पुन्हा वाचला. माझी नोकरी गेली असं मी धरून चालले होते. मग त्यांनी विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"माझ्या नवऱ्याला."

"मग आणखी कुणाला कळायचं कारण नाही," ते म्हणाले. "पण तू जाऊन ये बाई. निदान एकदा तपासून तरी ये." पाच वर्षं मी गुणांवर मागत होते ती सीट मला शेवटी मिळाली ती त्यांच्या घाबरटपणामुळे. मीही मान खाली घालून ती घेतली.

नवरा म्हणाला, "जा तू. आम्ही दोघं डाळभात खाऊ." आणि मी गेले.

नेपल्सचं मी इथे लिहीत बसत नाही. कागदावर होतं ते सगळं तिथे होतं. एक वाजला आणि धडाधड शटरं खाली आली, तेव्हा मी भर रस्त्यात एकटी उभी राहून हसत सुटले. मंडईत मी मुद्दाम एक पीच दाबलं आणि हातावर फटका खाल्ला. संध्याकाळी गल्लीत खुर्च्या बाहेर आल्या, म्हाताऱ्यांनी माझ्या साडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मी त्यांच्याकडे. एवढी खूश मी आठ वर्षांत नव्हते. तिसऱ्या दिवशी हॉटेलात बसून मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चार पानी पत्र लिहिलं. अण्णा, इथे सगळं आपल्यासारखं आहे, आपली गल्ली कुणीतरी उचलून समुद्राकाठी ठेवलीय असं वाटतं. एकेक तपशील लिहिला. मंडई, दुपार, ओट्यावरची संध्याकाळ.

परत आल्यावर मॅनेजरांनी कागद आणि लाल पेन पुढे केलं. मी एकही दुरुस्ती केली नाही. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कागद पुन्हा छापायला गेला.

तीन आठवड्यांनी अण्णांचं निळं हवाईपत्र आलं. सकाळी निघताना पोस्टमनने हातात दिलं, ते मी ऑफिसात काउंटरवर फोडलं. अण्णा ड्रॉइंगमास्तर होते. चूक दिसली की विद्यार्थ्याच्या वहीत जशी खूण करायचे तसंच पत्रही लिहायचे. माझा तापटपणा आला कुठून हे त्यावरून कळावं.

"तुझं पत्र पोचलं. प्रवास सुखाचा झाला हे वाचून बरं वाटलं. आता तुझ्या चुका. मंडई पुलापलीकडे नेली त्याला चार वर्षं झाली. वर पत्रे आहेत आणि भाव पाटीवर लिहिलेले असतात, कुणी घासाघीस करत नाही. नवा स्टँड झाल्यापासून गिऱ्हाईक दिवसभर असतं, त्यामुळे दुपारी दुकान बंद ठेवणं कुणाला परवडत नाही. गल्ली रुंद केली, त्यात आपला ओटा गेला. संध्याकाळी बाहेर बसायची सोय उरलेली नाही, ट्रक अंगावर येतात. शेजारची दोन्ही बिऱ्हाडं पुण्याला गेली. हे आधी कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. तुझ्या पत्रात हवा कशी आहे आणि प्रकृती जपा एवढंच असतं. तू येशील तेव्हा पंधरा दिवस आधी कळव. मी स्टँडवर येऊन थांबेन. तुला एकटीला घर सापडायचं नाही."

मी पत्र दोनदा वाचलं. राग आला. नगरपालिकेचा आला, ट्रकचा आला, अण्णांचा आला. विचारलं नाहीस म्हणे! मग लक्षात आलं की खरंच विचारलं नव्हतं. परक्या लोकांच्या चहाची आणि लसणाची चौकशी मी रोज करत होते. समोर एक बाई केव्हाची उभी होती आणि नेपल्सची दुकानं दुपारी उघडी असतात का, म्हणून विचारत होती. मी तिला कागद दिला आणि रडायला लागले. ती बिचारी घाबरून शेजारच्या काउंटरवर गेली.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या आणि मुलीच्या नावाने मुंबईचं बुकिंग लिहायला घेतलं. घर, शाळा, रजा, सगळं मागाहून बघू म्हटलं. नाव, पत्ता, तारीख, सगळं भरलं. आमच्या फॉर्मवर शेवटी एक प्रश्न असायचा, नवीन जाणाऱ्याला सूचनांचा कागद द्यायचा राहू नये म्हणून. या ठिकाणी पूर्वी गेला आहात का? होय किंवा नाही. मी पेन 'होय'वर नेलं, आणि मग 'नाही'वर खूण केली.